पुंगळीची नुसती मान आवळायची की अख्खं अंग?

एकनळी
घरी काडतुसं भरणाऱ्यांसाठी, म्हणजे उडालेली पितळी पुंगळी नवी दारू-गोळी भरून पुन्हा वापरणाऱ्यांसाठी धागा. माझं मत आधीच सांगतो: बोल्ट ॲक्शन (हाताने बोल्ट मागेपुढे करून भरायची) रायफल एकच असेल, तर वापरलेली पुंगळी दर वेळी अख्खी डायमध्ये, म्हणजे माप देणाऱ्या साच्यात, चेपणं म्हणजे तिचे हाल आहेत. बार उडाला की पुंगळी फुगून चेंबरच्या (नळीतल्या काडतुसाच्या जागेच्या) भिंतीला चिकटते, मग किंचित आकसून सुटते. आपल्याच चेंबरच्या मापाचा अंगरखा फुकटात शिवून मिळतो. तो पुन्हा कारखान्याच्या मापाला का आणायचा? मी फक्त मान आवळतो, गोळी धरण्यापुरती. .३०८ विंचेस्टर मापाच्या पुंगळ्यांचा एक लॉट सात वेळा उडवून झालाय, एकही मान तडकलेली नाही.

शंकेखोर
सातव्या खेपेला बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा दांडा) कसा बंद होत होता, तेही लिहा की. पितळ तिथे उघडं पडतं.

आणि मान तडकली नाही याचं श्रेय कशाला देताय? मान तर तुम्हीही दर वेळी आवळताच. ती टिकावी म्हणून मान आणि खांदा (मानेखालचा उतार) तापवून मऊ करतात. बुडाला मात्र आच लागू द्यायची नाही, ते मऊ पडलं तर दाब सोसणार नाही.

एकनळी
पाचव्या खेपेपासून हँडल खाली आणताना तळहाताचा जोर लावावा लागतो, कबूल. मग एकदा पूर्ण डायमधून काढतो आणि पुन्हा मानेवर येतो. काय बिघडलं?

शंकेखोर
पहिला आणि पाचवा बार सारख्या पुंगळीतून जात नाहीत, एवढंच बिघडलं. अचूकतेसाठीच करताय ना हे सगळं?

रात्रपाळी
मी पूर्ण डायवाला, तरी एकनळींची बाजू थोडी घेतो. डायसोबतच्या कागदावर होतं: शेल होल्डर (पुंगळीचं बूड धरणारा तुकडा) टेकेपर्यंत डाय खाली, वर पाव वळसा. तंतोतंत तसंच केलं. माझ्या चेंबरसाठी खांदा फार मागे गेला. अशी आखूड पुंगळी उडते तेव्हा पुढचं अंग भिंतीला धरून राहतं, बूड मागे बोल्टवर जातं, आणि बुडाच्या जरा वर पितळ ताणून पातळ होतं. चौथ्या खेपेला बोल्ट मागे घेतला तर नुसतं बूड हातात आलं, बाकी नळी चेंबरमध्येच. चष्मा होता म्हणून निभावलं.

त्याच लॉटमधल्या बाकीच्या पुंगळ्या उजेडात धरल्या, तर बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसत होतं. तेव्हापासून कागदाची टाचणी सरळ करून तिचं टोक वाकवतो आणि पुंगळीच्या आतल्या भिंतीवरून बुडाकडून वर ओढतो. खाच लागली की पुंगळी भंगारात.

सूतभर
म्हणजे दोष डायचा नाही, न मोजण्याचा. उडालेल्या पुंगळीचा प्रायमर (बुडातली ठिणगी देणारी टोपी) काढा, कॅलिपरला कंपॅरेटर (खांद्यावर टेकणारं जोडमाप) लावून बुडापासून खांद्यापर्यंत मोजा. एकदाच उडालेली नको, ती चेंबरभर फुगलेली असेलच असं नाही. मग डाय थोडीथोडी खाली घेत खांदा ०.००१ ते ०.००२ इंच मागे सारा, बस्स. सेमी-ऑटोमॅटिकला यापेक्षा थोडी जास्त मोकळीक लागते आणि तिथे नुसत्या मानेवर भागतच नाही. एवढं केलं तर अंग जेमतेम चेपलं जातं, एकनळींचा अंगरखाही शाबूत.

एकनळी
आणि पूर्ण डायसाठी पुंगळीला लावायच्या तेलाचा चिकटा? फक्त मान आवळणाऱ्या माझ्या कॉलेट डायला थेंबही लागत नाही.

रात्रपाळी
हा मुद्दा तुमचा. कमी लावलं तर पुंगळी डायमध्ये अशी रुतते की काढताना घाम फुटतो, जास्त झालं तर खांद्यावर खळगे. शिवाय अंग दाबलं की पितळ वर सरकून मान लांबते. .३०८ ला २.०१५ इंचांची हद्द आहे, ती ओलांडायच्या आत छाटायचं.

शंकेखोर
लांबी तर मानवाल्यांनीही मोजायची असते. मोजता ना, एकनळी?

एकनळी
मोजतो हो.

बरं, टाचणी वाकवून आत्ताच त्या लॉटमधल्या तीन पुंगळ्यांत फिरवली. दोन गुळगुळीत. तिसरीत टोक अडखळलं. कारखान्यातून आखूड आली असेल आणि पहिल्याच बाराला ताणली असेल, असं म्हणायला मला अजून जागा आहे. करवतीने उभी चिरून बघतो, मग लिहितो.