आजीच्या डब्यातली जुनी नाणी, कोणी ओळखेल का?

वाईकरीण
वाईच्या घराचा माळा आवरताना आजीच्या डब्यात बरीच चिल्लर निघाली. तांब्याच्या जाड वेड्यावाकड्या चकत्या आहेत, एकीवर नुसतं 'जा' आणि खाली 'शि' वाचता येतंय, मागे दोन आडव्या रेघा. एक भोकाचं नाणं, 1944 चं. एकावर राम-सीता-हनुमान आणि मागे ईस्ट इंडिया कंपनी 1818, ते लाखांत जाईल असं काकांचं म्हणणं. शिवाय एक पितळी बिल्ला, त्यावर फक्त नंबर ठोकलाय. चिंच लावून घासू का, अक्षरं उठतील?

ढब्बू_पैसा
अजिबात घासू नका!! वरचा काळपट थर गेला की नाण्याची किंमतही गेली. चकत्या म्हणजे दुदांडी शिवराया, पेशवाईतल्या (शिवराई म्हणजे शिवाजी महाराजांच्या नावाचं तांब्याचं नाणं). एका बाजूला श्री / राजा / शिव अशा तीन ओळी, दुसरीकडे छत्र / पति आणि मधे त्या दोन रेघा, म्हणून दुदांडी. ठसा मोठा न् चकती लहान, त्यामुळे पूर्ण मजकूर एकाच नाण्यावर क्वचितच उमटतो, सगळ्या शेजारी मांडा, एकीवर 'श्री' मिळेल तर दुसरीवर 'पति'. भरमसाट पाडल्यात आणि इंग्रज आल्यावरही चालत होत्या, त्यामुळे फार महाग नाहीत. पण महाराजांचं नाव आहे हो त्यावर, विकता कशाला. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाला ताटात असते.

भोकाचा म्हणजे युद्धाच्या काळातला एक पैसा, 1943 ते 47. धातू वाचवायला भोक पाडलं. रुपयाला असे 64 यायचे.

नाणेवेडा
रामदरबारवालं कंपनीचं नाणं नाहीच. 1818 च्या सुमारास कंपनीच्या मुंबईच्या तांब्याच्या नाण्यांवर तराजू असायचा, देवबिव काही नाही. देवांची ही मागाहून कोणीतरी पाडलेली टोकन्स आहेत, जत्रेत ढिगाने मिळतात. देव्हाऱ्यात ठेवायला छान, बाकी शून्य. बिल्ल्याचं सांगा, घरात कोणी गिरणीत किंवा रेल्वे वर्कशॉपात होतं का? हजेरीला किंवा हत्यारं घ्यायला असे नंबरचे बिल्ले असायचे.

वाईकरीण
आजोबा परळला गिरणीत होते! मग तेच असणार. काकांना मात्र पटत नाहीये, त्यांनी रामवाल्याचा फोटो व्हॉट्सॲपवर कुणालातरी पाठवलाय आणि तो आता रजिस्ट्रेशन फी मागतोय 🙄

ढब्बू_पैसा
एक रुपया भरू देऊ नका. हे लोक रिझर्व्ह बँकेचं नावसुद्धा वापरतात, बँकेनेच 2021 मध्ये जाहीर केलंय की आम्ही जुन्या नाण्यांच्या असल्या खरेदी-विक्रीच्या व्यवहारात नाही आणि फीही घेत नाही.

नाणेवेडा
+1. नाशिकजवळ अंजनेरीला नाणेशास्त्राची संस्था आहे, म्युझियमही आहे, काकांना तिथे फिरवून आणा. आणि शिवराया पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हिरव्या पडतात, साध्या कागदी पाकिटात एकेक वेगळी ठेवा.