मदत हवी आहे : हिंसाचार प्रतिबंधासाठी सरकारी अनुदान कसे मागावे?

नमस्कार. आमची संस्था कौटुंबिक हिंसाचारातून बाहेर पडलेल्या स्त्रियांसाठी निवारागृह चालवते. निवाऱ्याचे अनुदान मागताना खाटा आणि मुक्काम मोजून दाखवता येतात. परंतु प्रतिबंधाच्या कामाचा प्रस्ताव अडतो, कारण जनजागृती परिणामकारक ठरली की सुरुवातीला तक्रारी वाढतात आणि छाननी करणाऱ्यांना तेच अपयश वाटते (वास्तविक ते यशच आहे). युरोप परिषदेच्या २०११ च्या इस्तंबूल कराराचे (स्त्रियांवरील व कौटुंबिक हिंसाचार रोखण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय करार) आठवे कलम स्वयंसेवी संस्थांच्या कामासह प्रतिबंधासाठीही योग्य निधी द्यावा असे सांगते, तो दाखला मी जोडला आहे. तक्रारींच्या आकड्यांऐवजी कोणते निकष मांडावेत, आणि रात्रपाळीच्या समुपदेशकाचे मानधन प्रशासकीय खर्चात न जाता सेवाखर्चात कसे बसवावे, हे अनुभवी मंडळींनी कृपया सांगावे.