गाडीतला ‘निरीक्षक’ नक्की कोण?

अर्धविराम: विशेष सापेक्षतेवरचा (आइन्स्टाइन, १९०५) एक लेख मराठीत आणतोय. धावत्या गाडीत एक जण, फलाटावर दुसरा, रुळांवर दोन ठिकाणी वीज पडते. फलाटावरच्याच्या हिशेबात दोन्ही विजा एकाच क्षणी पडल्या, गाडीतल्याच्या हिशेबात नाही. दोघांना मी ‘निरीक्षक’ म्हटलं. मैत्रीण मसुदा वाचून म्हणाली, “गाडीतला निरीक्षक म्हणजे तिकीट तपासनीस ना? तो विजा कशाला बघतोय?” दुसरा शब्द सुचवा.

वेलांटी: तिचं काय चुकलं? पोलीस निरीक्षक, निवडणूक निरीक्षक... आपल्याकडे निरीक्षकाच्या हातात शिक्का असतोच. ‘प्रेक्षक’ करा.

तळटीप: प्रेक्षक तर तिकीट काढूनच आलेला! धातू तोच, ईक्ष्. प्रेक्षक, परीक्षक, समीक्षक ही सगळी भावंडं, शिवाय प्रतीक्षा आणि उपेक्षा. उपेक्षा करणाराही बघतोच, फक्त काणाडोळा करून. माझं मत ‘द्रष्टा’ला. योगसूत्रांत तो निव्वळ पाहणारा आहे.

वेलांटी: योगसूत्रांत असू दे. मराठीत द्रष्टा म्हणजे पन्नास वर्षं पुढचं दिसणारा पुढारी. समोरची वीज त्याला कुठली दिसायला!

जुनी पाटी: साक्षी! स + अक्षि, डोळ्यांसकट हजर असलेला. मुंडकोपनिषदात एका झाडावर दोन पक्षी आहेत, एक फळ खातो, दुसरा नुसता पाहतो. तोच हा. शिवाय ‘साक्षीदार’चं फारसी शेपूट नाही.

तळटीप: पाणिनी अक्षीकडे जातच नाही. त्याच्या अष्टाध्यायीतलं ५.२.९१ हे सूत्र पाहा, ‘साक्षात्’वरून साक्षी, म्हणजे प्रत्यक्ष पाहणारा. आणि शेपटं छाटायचीच तर दुकानदार, जमीनदार, फौजदार सगळेच रांगेत उभे करा.

जुनी पाटी: करावेतच. सवय झाली म्हणून शब्द आपला होत नाही.

वेलांटी: मग कसा होतो?

अर्धविराम: जरा थांबा. माझा माणूस नुसता बघत नाही, मोजतो. प्रकाश त्याच्यापर्यंत पोचायला लागलेला वेळ वजा करून मग घटना कधी घडली ते ठरवतो. साक्षी एवढं गणित करेल? वेधशाळेतला ‘वेध’ घेऊन ‘वेधकर्ता’ केलं तर?

बोरू: ग्रहण लागल्यासारखं वाटतं. सरळ ‘पाहणारा’ लिहा. ‘बघ्या’ मात्र नको, तो मदतीला धावत नाही. आमची आजी म्हणायची, पाहायला येतो तो पाहुणा.

तळटीप: गोड आहे, पण पाहुणा संस्कृत ‘प्राघुण’वरून, प्राकृतात ‘पाहुण’.

बोरू: आणि पहारेकरी? तो तरी पाहतो की नाही?

तळटीप: प्रहरावरून.

बोरू: आजीला सांगायची माझी छाती नाही.

अर्धविराम: लेख उद्या द्यायचाय हो.

वेलांटी: ‘टेहळ्या’ राहिला की!