बढतीच्या यादीत तीच ती नावं

प्रश्न (कनिष्ठ वकील):
फर्ममध्ये सहावं वर्ष. समावेशन समितीच्या (सगळ्या गटांना संधी मिळावी म्हणून नेमलेल्या) फोटोत मी पहिल्या रांगेत, पण अशिलासमोर युक्तिवाद मांडायची वेळ आली की मला नोंदी घ्यायला बसवतात! मागच्या बैठकीत मसुदा माझा, बोलला दुसराच. वरिष्ठांना म्हटलं, तर उत्तर आलं, ‘तुझं अक्षर छान आहे.’ (मी लॅपटॉपवर टाइप करते.) काय मागू?

जुनी खोड:
भरतीचे आकडे मागू नकोस, ते छानच असतात. कोणतं काम कोणाला मिळालं, त्याची नोंद माग. अमेरिकेत 2017 मध्ये ‘मॅन्सफिल्ड रूल’ सुरू झाला. कायदा नव्हे, वकिली फर्मनी स्वेच्छेने पाळायचा नियम. भागीदारीसारख्या पदांसाठी विचारात घेतलेल्या उमेदवारांत किमान 30 टक्के जण स्त्रियांसारख्या कमी प्रतिनिधित्व असलेल्या गटांतले हवेत, अशी त्याची मूळ अट. निवड त्यांचीच करा असं नव्हतं, पण विचार कोणाचा केला याची नोंद तरी ठेवावी लागे. नाव अ‍ॅराबेला मॅन्सफिल्ड यांचं, 1869 मध्ये आयोवा राज्यात वकिलीची परवानगी मिळालेल्या अमेरिकेतल्या पहिल्या महिला. तरी नुसती यादी भरून हात झटकणारेही असतातच.

ओठवाचक:
मला कमी ऐकू येतं. समावेशनावर कार्यशाळा झाल्या, पण बैठकीत लोक फायलीत तोंड घालून बोलतात. ओठ कसे वाचू? शेवटी ऑनलाइन बैठकीत कॅप्शन सुरू करायला लावले. दोन क्लिकचं काम, मागण्यात वर्ष गेलं. तू लेखी माग.

कनिष्ठ वकील:
वर्षभराच्या कामवाटपाची यादी मागणारा मेल आत्ताच टाकला. सुवाच्य टाइप केलाय.