मदत हवी आहे : परभणीत पेट्रोल महाग का पडते?

सर्वांना नमस्कार. मी परभणीचा रहिवासी असून कामानिमित्त दर पंधरवड्याला छत्रपती संभाजीनगरला जातो. त्याच कंपनीच्या पंपावर, त्याच दिवशी, तेथील पेट्रोल आमच्यापेक्षा स्वस्त असते. फरक कधी रुपयाहूनही अधिक भरतो.

पेट्रोल वस्तू व सेवा कराच्या कक्षेबाहेर असल्याने प्रत्येक राज्याचा मूल्यवर्धित कर वेगळा असतो, हे मला ठाऊक आहे. देगलूर ओलांडून तेलंगणात गेल्यावर भाव बदलतो, तो त्यामुळेच. तेथे हा कर ३५.२ टक्के आहे. परंतु जुलै २०२४ पासून मुंबई-ठाण्याचा दरही उर्वरित महाराष्ट्राइतकाच, म्हणजे २५ टक्के झाला. मग एकाच राज्यातील दोन जिल्ह्यांतील फरक कराने समजावता येत नाही. उरते ती डेपोपासूनची टँकरची वाहतूक. मनमाडजवळच्या पानेवाडीहून इंधन येत असेल, तर संभाजीनगर वाटेत आणि आम्ही त्याच्याही पुढे, हे मान्य. शिवाय वाहतूक मूळ किमतीत धरली जात असल्यामुळे तिच्यावरही कर चढतो, म्हणजे दूर राहण्याचा दंड दुहेरी.

जाणकारांनी दोन गोष्टी सांगाव्यात. परभणीला टँकर नेमके कोणत्या डेपोतून येतात? आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेल कंपन्यांनी दुर्गम भागांसाठी राज्यांतर्गत वाहतूक खर्चाची जी फेररचना जाहीर केली, तिच्यातून त्या वेळी निवडणुकीमुळे महाराष्ट्र वगळला होता. ती नंतर आपल्याकडे लागू झाली का? पंपचालक किंवा टँकर व्यवसायातील कोणी असल्यास त्यांचे उत्तर अधिक मोलाचे ठरेल.