जळगावचं पार्सल धुळ्याला भिवंडीवरून का जातं?

तापीकाठची_ताई

राम राम मंडळी. आमच्या बचत गटाचे बिबडे (ज्वारीचे पापड), नागलीचे पापड आणि मिरचीपूड कुरिअरने जातात. जळगावात बुक केलेलं धुळ्याचं पार्सल ट्रॅकिंगवर असं दिसतं: जळगाव शाखा, भिवंडी हब (माल गोळा करून वाटायचं मोठं केंद्र), धुळे केंद्र, मग घरपोच. जळगाव ते धुळे साधारण ९० किलोमीटर, भिवंडीचा वळसा धरला तर सातशेच्या घरात. बरं, भिवंडीला निघालेली गाडी पारोळा करून धुळ्यावरूनच पुढे जाते. मग पार्सल तिथेच का उतरवत नाहीत? मोठ्या कंपन्या पैशापैशाचा हिशेब ठेवतात म्हणे, मग हा वळसा परवडतो कसा?

दुसरं, काट्यावर वजन ३ किलो आणि बिल साडेनऊ-दहा किलोचं, हे काय गणित आहे? पॅकिंगमध्ये आम्ही काय बदलावं तेही सांगा.

---

लाइनहॉल_५३

ताई, आपल्याच मुलखाचं उदाहरण घेऊ. जळगावचे १५ तालुके, धुळ्याचे ४, नंदुरबारचे ६, एकूण २५. प्रत्येक तालुक्याहून प्रत्येक तालुक्याला थेट गाडी लावायची तर जोड्या होतात ३००. तोच माल एका तालुक्याला गोळा करून तिथून वाटला तर मार्ग लागतात फक्त २४. देशभराची शेकडो केंद्रं धरा, म्हणजे हा फरक कुठल्या कुठे जातो. अमेरिकेत फेडेक्स या कुरिअर कंपनीने १७ एप्रिल १९७३ ला सुरुवात केली तीही याच हिशेबावर. १४ छोटी विमानं, २५ शहरं, पहिल्या रात्री १८६ पाकिटं आणि सगळ्यांच्या मध्ये मेम्फिस. शेजारच्या गावाचं पाकीटही आधी मेम्फिसला.

आता पैशाचं. आकडे समजण्यापुरतेच धरा. समजा जळगावहून धुळ्याची रोज ६० पार्सलं निघतात. त्यांच्यासाठी वेगळी छोटी गाडी लावली, जाऊन-येऊन १८० किलोमीटर, किलोमीटरला २० रुपये. झाले ३६०० रुपये, म्हणजे पार्सलमागे ६० रुपये नुसता रस्ता. भिवंडीची ३२ फुटी गाडी मात्र रोज जाणारच आहे. तिच्यात ही ६० पार्सलं टाकली तर तिचं डिझेल जवळपास तेवढंच लागतं. कंपनी एका पार्सलचा रस्ता मोजत नाही. भरलेली गाडी वेळेवर सुटली का, एवढं बघते. धुळ्याचा रोजचा माल वाढून छोटी गाडी भरायला लागली की थेट गाडी आपोआप सुरू होते. दिवाळीच्या हंगामात असे तात्पुरते थेट मार्ग लागतातही.

धुळ्याला थांबायचा प्रश्न अगदी रास्त आहे. अडचण तीन ठिकाणी येते.

एक, भराई. जळगावच्या शाखेत सात-आठ पिशव्या लावलेल्या असतात आणि बहुतेक माल ‘भिवंडी मिक्स’ म्हणजे सगळ्या गावांच्या एकत्र पिशवीत जातो. धुळ्याचं पार्सल त्या ढिगात कुठेतरी असतं. वाटेत उतरवायचं तर जळगावातच धुळ्याची वेगळी पिशवी लागते आणि ती सगळ्यात शेवटी, दाराजवळ चढवावी लागते. ती आत गेली तर तिच्यापुढचा सगळा माल उतरवून पुन्हा चढवणं आलं.

दुसरं सील. गाडी सुटताना दाराला क्रमांकाचं सील लागतं आणि तो क्रमांक मॅनिफेस्टवर, म्हणजे गाडीतल्या मालाच्या यादीवर, चढतो. वाटेत सील तोडायचं तर धुळ्याला माणूस हजर हवा, तिथे स्कॅन करून नवं सील लावायला हवं, नवा क्रमांक कळवायला हवा. रात्री अकराला तिथलं केंद्र बंद असतं. आणि एखादी पिशवी कमी भरली तर ती जळगावात राहिली की धुळ्यात गेली, याचा वाद सुरू होतो.

तिसरी आणि खरी अडचण घड्याळाची. जळगावहून रात्री आठला सुटलेली गाडी पहाटे पाचच्या सुमारास भिवंडीला लागते. तिथे सकाळची सॉर्टिंग ठरलेल्या वेळेत चालते आणि पुढच्या गाड्याही ठरलेल्या वेळेला सुटतात. महामार्ग सोडून गावात शिरणं, डॉकला (चढ-उताराच्या ओट्याला) लावणं, उतरवणं, कागद, असा धुळ्याला तास गेला आणि पुढे कसारा घाटात थोडी कोंडी लागली, तर गाडीतल्या हजार-दीड हजार पार्सलांची पुढची गाडी चुकते. साठांच्या सोयीसाठी हजारांचा एक दिवस जातो.

काही कंपन्या ‘टच पॉइंट’ ठेवतात, म्हणजे तीच गाडी धुळ्याला टेकून पुढे जाते. पण त्यासाठी धुळ्याचं केंद्र महामार्गाला लागून हवं आणि रात्रपाळीला माणसं हवीत.

---

तापीकाठची_ताई

हे पटलं भाऊ. पण वळसा घेऊनही पार्सल तिसऱ्या दिवशी हातात पडतं. एवढ्या ढिगात ते हरवत कसं नाही?

---

सॉर्टर_शिफ्ट

पिशवीमुळे. शाखेत प्रत्येक पार्सल एकदा स्कॅन होतं आणि मग पिशवीच्या बारकोडशी जोडलं जातं. चाळीस पार्सलं एका पिशवीत गेली की पुढे प्रत्येक टप्प्यावर स्कॅन होते ती पिशवी. एक बीप, चाळीस पार्सलांची नोंद. ट्रॅकिंगवर तुमचं पार्सल ‘भिवंडीला पोहोचलं’ असं दिसतं तेव्हा पुष्कळदा त्याला कुणी हात लावलेला नसतो, पिशवी पोहोचलेली असते. तोटा असा की पिशवी चुकीच्या गाडीत गेली तर चाळीसही जातात. आणि पार्सल स्कॅन करून जोडलं एका पिशवीला, टाकलं शेजारच्या पिशवीत, तर पिशवी उघडेपर्यंत ते कुठे आहे हे कुणालाच सांगता येत नाही. ‘ट्रान्झिटमध्ये’ म्हणून चार दिवस अडकलेली पार्सलं बहुतेक अशीच असतात.

हबमध्ये मिक्स पिशव्या फोडतात. माल पट्ट्यावर येतो, एका चौकटीखालून जाताना कॅमेरे बारकोड वाचतात, लांबी-रुंदी-उंची मोजली जाते, खालचा काटा चालत्या पट्ट्यावरच वजन घेतो. पुढे क्रॉसबेल्ट सॉर्टर असतो. छोट्या छोट्या आडव्या पट्ट्यांची माळच म्हणा. धुळ्याच्या घसरगुंडीसमोर आलं की ती एक पट्टी आडवी फिरते आणि पार्सल खाली सरकतं. माणूस पत्ता वाचत बसत नाही, म्हणून वेग.

हे गणित बिघडतं ते लेबलावर. बारकोडवर चकचकीत पारदर्शक टेप चिकटवली की दिव्याची तिरीप उलटते आणि कॅमेऱ्याला काळ्या-पांढऱ्या रेघा दिसत नाहीत. लेबल कडेवरून दुमडलं, दोन झाकणांच्या फटीवर लावलं, तरी तेच. जुना खोका वापरला आणि आधीचा बारकोड तसाच ठेवला तर कॅमेऱ्याला दोन क्रमांक मिळतात आणि यंत्र पार्सल बाजूला काढतं. असं ‘नो-रीड’ झालेलं पार्सल फेरा मारून परत येतं, तरी वाचलं नाही तर हाताने टाइप करायच्या टेबलावर जातं. पहाटेच्या गर्दीत त्या टेबलावर गेलेल्या पार्सलाची त्या दिवशीची गाडी बहुधा चुकते.

खान्देशच्या उन्हाचीही एक गोष्ट. साध्या थर्मल कागदावरची छपाई उष्णतेनेच होते, म्हणून कागद तापला की सगळाच करडा पडतो. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा उन्हात उभ्या बंद गाडीत किंवा पत्र्याला टेकलेल्या खोक्यावर लेबलाचं काय होत असेल ते समजा. तेलाचा डाग लागला तर उलट, छपाई उडते. पापड-मिरचीवाल्यांनी शाईच्या रिबनने छापलेलं लेबल लावावं, नाहीतर खोक्यात आत पत्त्याची दुसरी चिठ्ठी ठेवावीच.

आणि जे पट्ट्यावर चालत नाही ते वेगळ्या रांगेत, हातानेच जातं. जळगावच्या चटयांचे लांब गठ्ठे, पाइप, गोल डबे, सैल गोण्या. गोल वस्तू घसरगुंडीवर गडगडते, लांब गठ्ठा वळणावर आडवा अडकतो आणि सगळा पट्टा थांबतो. म्हणून त्यांना वेळ जास्त आणि दरही जास्त.

---

गिरणा_४२४

पिनकोडबद्दल लिहितो, कारण खान्देशात इथेच फार चुका होतात. पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आहे आणि त्याचे पहिले तीन आकडे टपालाचा सॉर्टिंग जिल्हा सांगतात. तो महसुली जिल्हाच असेल असं नाही. आपल्याकडे ४२४ म्हणजे धुळे आणि ४२५ म्हणजे जळगाव असं धरून लोक मनाने आकडे भरतात. प्रत्यक्षात चाळीसगाव ४२४१०१ आणि पाचोरा ४२४२०१, दोन्ही जळगाव जिल्ह्यात. शिरपूर ४२५४०५ धुळे जिल्ह्यात, आणि नंदुरबार ४२५४१२. यंत्र तालुका-जिल्हा बघत नाही. ते पिनवरून कोणतं केंद्र ते ठरवतं आणि पार्सल तिकडे सरकवतं. चुकीचा पिन असलेलं पार्सल चुकीच्या केंद्रापर्यंत अगदी वेळेवर पोहोचतं, चूक तिथे वाटप करणाऱ्याच्या हातात आल्यावर कळते, आणि दुरुस्त करायला ते पुन्हा हबवरून फिरतं. दोन-तीन दिवस गेलेच.

आणखी एक. ‘मारुती मंदिराजवळ’ एवढ्यावर भागत नाही, प्रत्येक गावात मारुती आहे. गल्लीचं नाव, घरमालकाचं आडनाव आणि चालू मोबाइल नंबर द्या. शेवटच्या टप्प्यात पोरगा घरी गेला आणि दार बंद मिळालं, तर तोच खर्च दुसऱ्या दिवशी पुन्हा लागतो. पूर्ण साखळीत पैसा सगळ्यात जास्त इथेच जातो.

---

लाइनहॉल_५३

ताई, वजनाचं राहिलंच होतं. गाडी वजनाने नाही, जागेने आधी भरते. ३२ फुटी गाडीचं आतलं माप साधारण ३२ गुणिले ८ गुणिले ८ फूट, म्हणजे २०४८ घनफूट, ५८ घनमीटरच्या आसपास. मागे एकच अ‍ॅक्सल असलेली अशी गाडी सातेक टन नेते. तिच्यात नुसते बिबडे भरले तर छताला लागतील तरी तेवढं वजन होणार नाही. म्हणून कंपनी घनफळाचं वजन काढते: लांबी, रुंदी, उंची सेंटीमीटरमध्ये गुणायची आणि ५००० ने भागायची. ४० × ४० × ३० चा खोका म्हणजे ४८,००० भागिले ५०००, ९.६ किलो. काट्यावरचं आणि हे, दोन्हींत जे जास्त त्याचं बिल. भाजक प्रत्येक कराराला वेगळा असू शकतो. तो दरपत्रकावर लिहिलेला असतो, सही करण्याआधी विचारा. त्याच खोक्याची उंची २० वर आणली की ६.४ किलो होतात. माल तेवढाच, बिल एक-तृतीयांशाने कमी.

---

खोका_पट्टी

पण उंची कमी करायच्या नादात बिबड्यांचा चुरा करू नका. ज्वारीचा बिबडा वाळला की काचेसारखा. घसरगुंडीवरून पार्सल दोन-तीन फूट खाली येतं आणि त्यावर दुसरं पडतं, हे गृहीत धरूनच पॅक करायचं.

बिबडे एकावर एक सरळ रचा, दहा-बारांच्या थरामागे त्याच आकाराची पुठ्ठ्याची चकती. पूर्ण गड्डी प्लॅस्टिकने घट्ट गुंडाळा, आत हलायला जागा नको. तुटतात ते दाबाने कमी आणि आत आपटून जास्त. खोका गड्डीच्या मापाचा, पाच थरी. बाजूला बोटभर जागा राहिली तर चुरगळलेला कागद ठासून भरा. खोका बंद करून कानाजवळ हलवा, आवाज आला तर उघडून पुन्हा भरा. टेप मधल्या फटीवर आणि दोन्ही कडांना, इंग्रजी एच सारखी. मिरचीपूड त्याच खोक्यात घालायची असेल तर दुहेरी पिशवीत आणि तळाला. जड खाली, हलकं वर. ‘नाजूक’ असा शिक्का मारायला हरकत नाही, पण पट्ट्याला तो वाचता येत नाही.

---

सातपुडा_स्वार

एक शंका. भुसावळसारखं जंक्शन दाराशी असताना हा माल रेल्वेने का नाही जात?

---

लाइनहॉल_५३

पूर्ण डबा किंवा पूर्ण रेक (अख्खी मालगाडी) एकाच गावी जायचा असेल तर रेल्वेसारखं काही नाही. रावेर-सावद्याची केळी दिल्लीला अशीच जाते. कुरिअरचा माल मात्र शंभर गावांचा असतो आणि गाडीचा थांबा काही मिनिटांचा. शिवाय शाखेतून स्टेशन, स्टेशनवरून डबा, उतरल्यावर पुन्हा स्टेशनवरून हब, अशी चढ-उतार दोनदा वाढते. जितके हात तितकी फुटतूट. म्हणून लांबच्या, ठरलेल्या दोन शहरांमध्येच तो मेळ बसतो.

---

तापीकाठची_ताई

खूप उपयोगी पडलं सगळ्यांचं. शेवटचं विचारते: धुळे-नंदुरबारच्या ऑर्डरींसाठी आम्ही आमच्याकडून काही करू शकतो का?

---

लाइनहॉल_५३

करता येईल, तीन गोष्टी. धुळे-नंदुरबारची पार्सलं वेगळी काढून एकाच वेळी शाखेत द्या. रोज पंधरा-वीस असतील तर त्यांची वेगळी पिशवी लावायला सांगता येतं. ती पिशवी हबमध्ये फोडावी लागत नाही, सरळ पुढच्या गाडीत जाते. कटऑफच्या (शाखेत माल घेण्याच्या शेवटच्या वेळेच्या) दोन तास आधी द्या, शेवटच्या अर्ध्या तासात आलेला माल घाईत मिक्समध्ये पडतो. आणि आजच्या आजच धुळ्याला हवं असेल तर एसटीची पार्सल सेवा किंवा खाजगी बसची डिकी विचारा. ती थेट जाते, फक्त स्टँडवर घ्यायला माणूस लागेल.