सुमेर मिठानं बुडालं का? दोष पाटपाण्याचा की निचऱ्याचा?

नांगरट:
इराकच्या दक्षिणेत, म्हणजे प्राचीन सुमेरात, तैग्रिस-युफ्रेटिसच्या गाळावर पाटपाण्याची शेती फार जुनी. १९५८ मध्ये अभ्यासक थॉर्किल्ड जेकबसेन आणि रॉबर्ट अ‍ॅडम्स यांनी मांडलं की याच पाण्यानं ती जमीन खारावली. इसपू ३५०० च्या सुमारास गहू आणि जव निम्मे-निम्मे. २५०० पर्यंत गहू सहाव्या हिश्शावर, १७०० पर्यंत दक्षिणेत गहू संपला. मातीच्या पाट्यांवरून काढलेलं जवाचं उत्पादन इसपू २४०० ला हेक्टरी २५३७ लिटर, १७०० ला ८९७. लिटरला ६०० ग्रॅम धरा, एकरी सहा क्विंटलवरून सव्वादोनवर. गहू साधारण ६ डेसीसायमन प्रति मीटरपर्यंत (मातीची विद्युतवाहकता, क्षार मोजायचं माप) क्षार सोसतो, जव ८ पर्यंत, म्हणजे पीकबदलही त्याच दिशेचा. माझं मत स्पष्ट आहे: कोरड्या मुलखात पाट काढला की जमीन आज ना उद्या पांढरी पडणारच.

कीलाक्षर:
असहमत. सुमेरी पाट्यांचे अभ्यासक मार्विन पॉवेल यांनी १९८५ मध्ये या मांडणीचा पायाच हलवला. पाट्यांवरची मापं आणि खारेपणाचे म्हणून घेतलेले उल्लेख, दोन्हींचं वाचन वादग्रस्त आहे. शिवाय जव गव्हाआधी पिकतो, आणि तिथे नद्यांना पूर येतो एप्रिल-मेमध्ये, ऐन काढणीला. जव निवडायला एवढं कारण पुरेसं नाही का? बिअरला आणि जनावरांनाही जवच लागे. आणि १७०० नंतर इराकातली शेती थांबली असं कुठे आहे?

नांगरट:
थांबली नाही, पण सत्तेचं केंद्र उत्तरेला बॅबिलोनकडे सरकलंच ना! पाट्या बाजूला ठेवा, नुसता हिशेब करा. लिटरला अर्धा ग्रॅम क्षार असलेलं, म्हणजे चांगलंच म्हणावं असं पाणी हंगामात एक मीटर दिलं, तर हेक्टरी ५ टन मीठ शेतात आलं. पाणी उडून जातं, मीठ कुठे जाणार?

गाळपेर:
खाली जाणार, वाट असेल तर! सगळा वाद तिथेच आहे. मीठ वरून येतं, पण शेत मारतं खालून: भूजल दीड-दोन मीटरच्या आत आलं की केशाकर्षणानं (मातीच्या बारीक छिद्रांतून पाणी वर ओढलं जाऊन) क्षार वर चढतात. म्हणून सुमेरात जमीन एक वर्षाआड पडीक ठेवत. पडिकात जवासा आणि शमीच्या कुळातलं शोक हे झुडूप वाढे. त्यांची खोल मुळं खालची ओल शोषून घेत, मग पुढच्या पाण्यानं मीठ खाली धुतलं जाई. राजा एंतेमेनानं इसपू २४०० च्या सुमारास आपल्या लगाश या नगरराज्यासाठी तैग्रिसवरून कालवा आणला, पाणी मुबलक झालं, पाझर वाढला. जेकबसेन खारावण्याचं मूळ तिथेच शोधतात. इजिप्तचं पाहा. तिथला मुलूख जास्त कोरडा. पण पूर ऑगस्ट-सप्टेंबरात, पाणी खाचरात ४०-६० दिवस कोंडून मग सोडून देत. पुढे नदी उतरे तसं भूजलही उतरे. हजारो वर्षं जमीन टिकली, बिघडली ती बारमाही कालवे आल्यावर.

कीलाक्षर:
म्हणजे दोष हावरेपणाचा, शेतीचा नाही. चालेल.

चोपणवैद्य:
इतकं सोपं नाही. सांगली-कोल्हापूरच्या कृष्णाकाठी काळ्या चिकण जमिनीत उसाला पाट भरून पाणी देतात, तिथे हीच गोष्ट चालू आहे. आणि उपचार सरसकट करतात. सामू (pH) ८.५ च्या खाली आणि वाहकता ४ डेसीसायमनच्या वर असेल तर ती जमीन क्षारयुक्त. तिला जिप्समचा उपयोग नाही, नुसतं धुवायचं. सामू ८.५ च्या वर आणि विनिमयक्षम (मातीच्या कणांना धरून असलेलं) सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर ती चोपण, जिप्सम तिथेच. पण आधी निचरा: सव्वा-दीड मीटर खोल सच्छिद्र पाइप, काळ्या जमिनीत ओळींत साधारण २०-३० मीटर अंतर, भोवती गाळणी. निचऱ्याविना धुवायला गेलात तर भूजल आणखी वर येतं आणि पुढच्या उन्हाळ्यात पांढरा थर दुप्पट.

नांगरट:
आणि ते खारं पाणी सोडणार कुठे? एकट्याच्या शेतात पाइप घालून भागत नाही, नाला खालच्या दहा जणांच्या बांधातून जातो.

चोपणवैद्य:
तिथेच योजना अडतात. नाल्याची पातळी पाइपाच्या तोंडापेक्षा वर असली तर उपसा पंप लागतो, आणि त्याचं वीजबिल भरायला गट तयार नसतो.